जमेल त्याहून जरा अवघड

बाईंनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "पुढची रचना आता तू निवडून आण. तुला आत्ता जमतं त्याहून जरा अवघड हवी."

बोलणं अर्थात इंग्रजीत झालं. एडिंबरामध्ये शिक्षकांना नावानंच हाक मारतात आणि मीही मारते. पण मनात त्या पहिल्या दिवसापासून माझ्या 'बाई'च आहेत. सव्वादोन वर्षं मी त्यांच्याकडे लिव्हर हार्प शिकत होते. त्या काळात काय वाजवायचं हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. बाई पान उघडून द्यायच्या, मी ते घरी नेऊन बसवायचे. आता त्यांनी ते पान माझ्या हातात सोपवलं होतं.

"जरा म्हणजे किती?" मी विचारलं.

"ते शोधणं हाच पुढचा धडा," बाई म्हणाल्या.

बसस्टॉपवर उभी राहून मी हाच विचार करत होते. सोपं काय ते मला ठाऊक होतं, कारण ते मी वाजवत होते. अशक्य काय तेही ठाऊक होतं, कारण ते मी बाईंच्या हातून ऐकत होते. या दोहोंच्या मधला सगळा प्रदेश मला अनोळखी होता.

माझी तेव्हाची तयारी आधी सांगते. दोन्ही हातांनी एकत्र वाजवता येत होतं. हार्प अंगठा आणि त्याच्या शेजारची तीन बोटं यांनी वाजवतात, करंगळी वापरतच नाहीत. ही चार बोटं तारांवर आधी नेमकी ठेवायची आणि मग एकेक ओढत तळहातात मिटायची, हे अंगवळणी पडलं होतं. सा म्हणून धरायच्या 'सी'च्या तारा लाल आणि 'एफ'च्या काळ्या, त्यामुळे ३४ तारांत हरवायला होत नव्हतं. साध्या तीन-चार स्वरांचे पुंजके वाजत होते. मी नवशिकी उरले नव्हते, पण वाजवणारीही झाले नव्हते. या उंबरठ्यावरच्या माणसासाठी काय निवडावं, हे मला कुठल्या पुस्तकात सापडेना.

मी मिरजेची. सतारमेकर गल्लीतून शाळेत जाताना तंबोऱ्याचे भोपळे वाळत ठेवलेले दिसायचे, आतून कुणीतरी जवारी लावत बसलेलं असायचं. आई गाणं शिकली, गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा झाली. मी पेटीवर दोन वर्षं काढली आणि मग शिक्षण, नोकरी, लग्न यांत ते सुटलं. एडिंबरात आल्यावर एका वसंतात इथल्या आंतरराष्ट्रीय हार्प महोत्सवात सहज गेले. हा महोत्सव १९८२ पासून भरतो. एका बाईंनी माझ्यासमोर एकच लांब स्वरपुंज छेडला आणि तो विरेपर्यंत हात हवेत धरून ठेवला. मला घरचं स्वरमंडळ आठवलं. महिन्याभरात मी भाड्यानं हार्प घेतली. स्कॉटलंडमध्ये तिला गेलिक भाषेत क्लारसाख म्हणतात, आणि ती टिकावी म्हणून १९३१ साली स्थापन झालेली क्लारसाख सोसायटी आजही शिकणाऱ्यांना भाड्यानं हार्प देते. सत्तेचाळीस तारांची, पायाशी सात पेडल असलेली वाद्यवृंदातली मोठी हार्प वेगळी. आमच्या हार्पला पेडल नाहीत. प्रत्येक तारेच्या माथ्याशी एक छोटी लिव्हर आहे. ती वर केली की तेवढीच तार अर्ध्या स्वरानं चढते.

तेवढीच तार. हे शब्द मला तेव्हा महत्त्वाचे वाटले नाहीत, आणि पुढचा सगळा गोंधळ तिथूनच झाला.

मी निवडली ती रचना होती क्लोद दब्युसी यांची 'क्लेर द ल्यून'. म्हणजे चांदणं. १९०५ साली छापलेली, मुळात पियानोची. मला ती फार प्रिय आहे. मुलगी तान्ही असताना रात्री तिला घेऊन येरझाऱ्या घालायचे तेव्हा हीच लावून ठेवायचे. रचना संथ आहे, सुरुवातीला स्वर थोडे आहेत. संथ म्हणजे आटोक्यातली, असा मी हिशेब केला. लिव्हर हार्पसाठी केलेली एक मांडणी विकत घेतली आणि बाईंना न दाखवता घरी सुरू केली. त्यांना चकित करायचं होतं.

पहिलं पान सहा आठवड्यांत बऱ्यापैकी आलं. दुसऱ्या पानावर दोन ओळींच्या मध्ये बारीक अक्षरांत स्वरांची नावं दिसू लागली: इथे ही लिव्हर वर, इथे ती खाली. मोजल्या तर त्या एका पानावर अकरा. लिव्हर असतात वाद्याच्या डाव्या अंगाला, त्यामुळे त्या हलवायच्या डाव्या हातानं. त्याच क्षणी डाव्या हाताला खालचे स्वरही वाजवायचे असतात. हात तारेवरून उचलायचा, वाद्याच्या मानेपर्यंत न्यायचा, चौतीसमधली नेमकी लिव्हर पकडायची, हलवायची, परत खाली येऊन चार बोटं चार तारांवर ठेवायची, आणि हे सगळं उजवा हात एक लांब स्वर धरून आहे तेवढ्या अवकाशात. मी लिव्हर हलवली की स्वर चुकायचे. स्वर बरोबर आले की लिव्हर राहून जायची आणि पुढच्या मापात बेसूर तार वाजायची.

पेडल हार्पवर पायानं एक पेडल दाबलं की त्या नावाच्या सगळ्या सप्तकांतल्या तारा एकदम बदलतात आणि दोन्ही हात मोकळे राहतात. आमच्याकडे मधल्या सप्तकातली 'बी' चढवली तरी खालची 'बी' आहे तिथेच असते. तीही हवी असेल तर हात पुन्हा वर न्यायचा. म्हणजे जे पियानोवर एका काळ्या पट्टीचं काम, पेडल हार्पवर पावलाच्या एका हालचालीचं, ते आमच्यासाठी स्वतंत्र कवायत होते. पानावर मात्र ते एवढंसं अक्षर दिसतं.

चार महिने मी हे करत राहिले. उजव्या हाताच्या अंगठ्याच्या बाजूला फोड आला, फुटला, घट्टा झाला. रात्री जेवणं आटोपल्यावर बसायचे आणि अर्ध्या तासात उठायचे. हार्पकडे जाणं मी टाळू लागले, आणि हे कळलं त्या दिवशी मला खरंच रडू आलं. जी रचना मला सर्वांत आवडते तीच मला वाद्यापासून दूर नेत होती. त्याच काळात बाईंनी दिलेले बोक्सा यांचे अभ्यासही मागे पडले. बोक्सा एकोणिसाव्या शतकातले हार्पवादक. त्यांचे ४० सोपे अभ्यास अजून जगभर शिकवतात. त्यांतला सातवा मी तीन आठवडे हात न लावता तसाच नेला. बाईंनी वाद्य बाजूला टेकवलं आणि विचारलं, "घरी दुसरं काय वाजवतेस?"

मी पिशवीतून ती पानं काढली. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी पेन्सिल घेतली आणि प्रत्येक लिव्हरच्या खुणेभोवती एक गोल काढला. मग डाव्या हाताच्या ज्या उड्या मला नव्या होत्या त्यांच्याभोवती चौकोन. मग उजव्या हाताला एकाच वेळी चाल आणि आतले स्वर सांभाळावे लागत होते त्या जागी फुली. शिवाय ९/८ चं माप, जे मी कधी वाजवलं नव्हतं. पान शिसाच्या खुणांनी भरलं.

"यातलं तू याआधी काय केलं होतंस?" त्यांनी विचारलं.

काहीच नाही, हे उत्तर मला द्यावं लागलं.

त्या रात्री आईला फोन केला. तिला हार्पचं फार कौतुक. पण लिव्हरचा घोळ तिला नीट समजत नव्हता, म्हणून मी कॅमेरा तारांकडे धरून तिला एकेक करून दाखवू लागले. आणि दाखवता दाखवता मलाच एक गोष्ट दिसली जी इतक्या वर्षांत दिसली नव्हती. आमची हार्प लावतात तेव्हा सगळ्या लिव्हर खाली असताना तीन स्वर कोमल असतात: 'ई', 'ए' आणि 'बी'. आता लाल तारेला सा धरा. गंधार कोमल, धैवत कोमल, निषाद कोमल. हा आसावरी थाट! 'ए'च्या लिव्हर वर केल्या, धैवत शुद्ध झाला, काफी आला. 'ई'च्या वर केल्या, गंधार शुद्ध, खमाज. 'बी'च्या वर केल्या, बिलावल. आणि शेवटी काळ्या तारेची, 'एफ'ची लिव्हर वर, मध्यम तीव्र, कल्याण. एकेका लिव्हरसरशी एकेक थाट उजळत गेला. तिकडून आई प्रत्येकाचा आरोह गुणगुणत होती.

"भैरवी दाखव," ती म्हणाली.

भैरवीला कोमल रे हवा. लाल तार सा, तर कोमल रे म्हणजे डी फ्लॅट, आणि सा जागेवर ठेवून तो स्वर या वाद्यावर या लावणीत मिळत नाही. लिव्हर स्वर चढवते, उतरवत नाही. थोडं चाचपल्यावर सापडलं की सा 'जी'वर धरला तर सगळ्या लिव्हर खाली ठेवून भैरवी मिळते. आई खूश झाली. माझ्या मात्र डोक्यात दुसराच दिवा लागला: 'क्लेर द ल्यून' मुळात डी फ्लॅट मेजरमध्येच आहे. जो स्वर माझ्या वाद्याच्या 'डी'च्या तारेवर नाही त्याच्याच पायावर ती उभी आहे. म्हणूनच मांडणी करणाऱ्यानं ती दुसऱ्या पट्टीत नेली होती. आणि ती पुढे स्वर बदलत बदलत जाते म्हणूनच लिव्हरची ही रांग लागली होती. लिव्हर हार्प हे सप्तक आधी लावून बसायचं वाद्य आहे, जसं स्वरमंडळ रागाप्रमाणे लावून मग गायक मांडीवर घेतो. एका बैठकीत एक थाट धरून राहणारं संगीत तिला मानवतं. वाटेत थाट बदलणारं संगीत तिच्यावर वाजतं, उत्तम वाजवणारे वाजवतातही, पण ते कौशल्य वेगळं, आणि ते वेगळं शिकावं लागतं.

मग आईनं जे सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलं. "अगं, आम्हाला बुवा नवा राग द्यायचे ना, तेव्हा ताल ओळखीचाच. तीनताल. आणि झपताल पहिल्यांदा दिला तेव्हा राग भूप. नवा राग आणि नवा ताल एका दिवशी कधी दिला नाही. तू तर सगळंच नवं घेऊन बसलीस."

त्या सगळ्या काळात मला मिळालेलं सर्वांत उपयोगी वाक्य मिरजेहून आलं.

पण ते लगेच नीट वापरता आलं असं नाही. घाबरून मी उलट टोकाला गेले. नवं काही नकोच म्हणून पुस्तकातली सर्वांत रिकामी दिसणारी पानं काढली: आयरिश हार्पवादक टर्लो ओ'कॅरोलन यांची 'एलनॉर प्लंकेट'. तीन मात्रांचं माप, मोजके स्वर, एकही लिव्हर बदल नाही. आठवड्यात स्वर बसले. बाईंना वाजवून दाखवलं आणि माझं मलाच ऐकवेना. संथ चालीत प्रत्येक स्वर एकटा उभा असतो. बोट तारेवर किंचित तिरकं पडलं तरी ऐकू येतं, थरथरत असलेल्या तारेला पुढचं बोट आधी टेकलं तर झरझर असा आवाज येतो. द्रुत रचनेत हे सगळं वाहून जातं, इथे नाही.

या झरझरीबद्दल एक गोष्ट इथे सांगून टाकते, कारण मला ती फार आवडली. तंबोऱ्याच्या घोडीवर सुतासाठी अर्धा अर्धा तास घालवून कारागीर जवारीचा जो झंकार आणतो, तोच हार्पवर दोष धरतात. पण पूर्वी तसं नव्हतं. पंधराव्या-सोळाव्या शतकात युरोपात अशा हार्प होत्या की त्यांच्या तारांच्या तळाशी काटकोनात वळलेल्या लाकडी खुंट्या असत. त्या तारेला हलक्या टेकत आणि आवाज मुद्दाम झरझरीत करत. म्हणजे तिकडेही कुणीतरी जवारी लावत होतं.

असो. 'एलनॉर प्लंकेट' सोपी नव्हती, पण बाईंना मला जिकडे न्यायचं होतं तिकडे ती नेत नव्हती. तिच्यातून आवाज सुधारतो, बोटं पुढे जात नाहीत. मग बाईंनी मला संगीताच्या परीक्षांचे अभ्यासक्रम दाखवले. एबीआरएसएम हे लंडनचं परीक्षा मंडळ लिव्हर हार्पसाठी वेगळी यादी काढते, आठ इयत्तांची. आपल्याकडच्या प्रवेशिका-मध्यमासारखंच. परीक्षा द्यायची नसली तरी यादी उपयोगी पडते: आपण वाजवतो ते तिसऱ्या इयत्तेत दिसलं तर चौथीची पानं चाळावीत. मी चाळली. पण एकाच इयत्तेत मला एक रचना डाव्या हाताचा खेळ वाटली आणि दुसरी डोंगर. तिसरी, चौथी हे आकडे रचनेची सरासरी सांगतात. आपला कुठला हात लंगडा आहे ते त्यांना ठाऊक नसतं. यादी दार दाखवते, आत स्वतःच जावं लागतं, असं माझं मत झालं.

पुढच्या वसंतात महोत्सवात परत गेले ते नुसतं ऐकायला नाही. तिथे स्वरलिप्यांच्या पुस्तकांची टेबलं मांडलेली असतात. मी पूर्ण दुपार तिथे घालवली, आणि काय बघायचं ते या वेळी ठरवून गेले होते. आधी डावा हात, कारण पान उघडलं की डोळा वरच्या ओळीत चालीकडे जातो आणि अवघडपणा बहुधा खालच्या ओळीत दडलेला असतो. मग लिव्हरच्या खुणा: किती, आणि त्या क्षणी डावा हात रिकामा आहे का. मग सर्वांत खालचा स्वर, कारण काही पुस्तकं छत्तीस तारांसाठी लिहिलेली असतात आणि काही बावीस तारांच्या मांडीवरच्या हार्पसाठी. मग पान कुठे उलटतं. हे क्षुल्लक वाटेल, पण दोन्ही हात गुंतलेले असताना पान उलटायला तिसरा हात नसतो. हे सगळं बघून झाल्यावर मी प्रत्येक पानाला एकच प्रश्न विचारत होते: यात मला नव्या गोष्टी किती? एक असेल तर बाजूला ठेवायचं. दोन असतील तर विचार करायचा. तीन असतील तर परत.

फ्रेंच संगीतकार बर्नार आंद्रेस यांच्या छोट्या रचना या चाळणीतून सहज पार पडल्या. एकेका पानाच्या, आणि एकेक पान एकाच कल्पनेवर बांधलेलं. त्या मी घेतल्या आणि अजून वाजवते. वेल्सचे अंध हार्पवादक जॉन पॅरी यांची अठराव्या शतकातली डी मेजरमधली सोनाटा फार मोह पाडत होती, पण लांबी बघून ती पुढच्या वर्षावर टाकली. आणि मग हातात आली ओ'कॅरोलन यांची 'कॅरोलन्स कॉन्चेर्टो'.

ओ'कॅरोलन यांच्याविषयी थोडं थांबून सांगायला हवं. जन्म १६७०, मृत्यू १७३८. अठराव्या वर्षी देवी आल्या आणि दृष्टी गेली. त्यानंतर हार्प हातात घेतली. ज्यांच्या आश्रयाला त्यांचं कुटुंब होतं त्या मॅकडरमॉट रो घराण्यातल्या बाईंनी तीन वर्षं शिकवण्याची सोय केली, मग घोडा दिला, वाटाड्या दिला, थोडे पैसे दिले, आणि हा तरुण आयर्लंडभर घरोघर वाजवत फिरू लागला. त्या काळी हार्पवादक लहानपणीच तयार होत. अठराव्या वर्षी सुरुवात म्हणजे उशीरच. परंपरा सांगते की त्यांच्या पहिल्या यजमानांनी वाजवणं ऐकून सुचवलं, तू रचना करून बघ; आणि 'शी व्हेग, शी व्होर' ही त्यांची पहिली चाल आली. आज त्यांच्या नावावर दोनशेहून अधिक चाली आहेत. चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा तारेला बोट लावलेल्या बाईला हे चरित्र किती धीर देतं, हे मी शब्दांत सांगू शकत नाही.

आता निवडीशी थेट संबंध असलेली गोष्ट. या चाली १७२४च्या सुमारास डब्लिनमध्ये पहिल्यांदा छापल्या गेल्या, पुढे १७९२ साली बेलफास्टला जमलेल्या म्हाताऱ्या हार्पवादकांकडून एकोणीस वर्षांच्या एडवर्ड बंटिंगनं बऱ्याच चाली उतरवून घेतल्या. पण ज्या हाती आल्या त्या मुख्यतः नुसत्या चाली. स्वतः ओ'कॅरोलन डाव्या हातानं नेमकं काय वाजवत ते लिहिलेलं राहिलं नाही. म्हणून आज जे पुस्तक उघडाल त्यात डावा हात मांडणी करणाऱ्याचा असतो. टेबलावर मला एकाच 'कॅरोलन्स कॉन्चेर्टो'च्या तीन मांडण्या सापडल्या. एकीत डावा हात मापाला एकच स्वर देत होता. दुसरीत दोन-तीन स्वरांची साथ. तिसरीत डावा हात उजव्याशी स्पर्धा करत धावत होता. चाल तीच. बंदिश एकच असावी आणि एकानं ती मध्य लयीत नुसती म्हणावी, दुसऱ्यानं तानांनी मढवावी, तसं.

आणि इथे माझा इतके महिने न सुटलेला गुंता सुटला. मी आजवर रचना अवघड की सोपी असं विचारत होते. लिव्हर हार्पच्या या परंपरेत तो प्रश्न अर्धाच आहे. चाल निवडायची मनानं, आणि मांडणी निवडायची हात बघून.

मी पहिली मांडणी घेतली. या चालीवर इटालियन संगीताची छाप आहे. चढत्या-उतरत्या स्वरांच्या लांब लडी एकामागून एक येतात. चारच बोटं, त्यामुळे पाचव्या स्वराशी अंगठ्याखालून बोट नेऊन किंवा बोटांवरून अंगठा आणून पुढे सरकावं लागतं, तेही आवाजात सांधा न कळता. मला हे येत नव्हतं. बाकी सगळं येत होतं: डी मेजर म्हणजे 'ई', 'ए', 'बी', 'एफ' आणि 'सी'च्या लिव्हर सुरुवातीला वर करून ठेवायच्या, मग शेवटपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ताल सरळ चार मात्रांचा, डावा हात शांत. नवी गोष्ट एकच.

बाईंनी पानं बघितली, पेन्सिल घेतली, सांध्याच्या जागांवर फुल्या मारल्या आणि पानाच्या कोपऱ्यात लिहिलं: मेट्रोनोम ४८.

अठ्ठेचाळीस म्हणजे मुंगीची चाल. त्या वेगात मी दोन आठवडे फक्त फुल्यांच्या जागा वाजवल्या. आधीचे दोन स्वर, सांधा, पुढचे दोन स्वर. फुली नसलेली मापं वाजवायची नाहीत, असं बाईंनी बजावलं होतं आणि हेच सर्वांत कठीण गेलं, कारण येणारा भाग वाजवण्यात सुख असतं. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी अंगठा न बघता पोचला. दोन सेकंदांची गोष्ट. मी थांबून पुन्हा वाजवलं, पुन्हा पोचला. मुलगी शेजारच्या खोलीत अभ्यास करत होती, ती येऊन म्हणाली, "आई, तेच परत वाजव." 'क्लेर द ल्यून'च्या चार महिन्यांत असं एकदाही कुणी म्हणालं नव्हतं.

मधे एका रविवारी चेंबर्स स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात जाऊन क्वीन मेरी हार्प बघून आले. साधारण पंधराव्या शतकातली, कोरीवकामानं भरलेली, उंचीला माझ्या कंबरेएवढीही नाही. तिला धातूच्या तारा होत्या, नखांनी वाजवत. लिव्हर नाही, पेडल नाही. जे सप्तक लावलं त्यातच राहायचं. काचेपाशी उभी राहून मला माझ्या अकरा गोलांचं पान आठवलं, आणि या वाद्याचा स्वभाव आधी विचारला असता तर ते चार महिने वाचले असते असं वाटलं. ते वाया गेले असं मात्र म्हणवत नाही. त्या पानावर बाईंनी काढलेले गोल, चौकोन आणि फुल्या मी आजही प्रत्येक नव्या पानावर काढते.

इथे लंडन, डब्लिन, एडिंबरा भागात मराठी मुलं आता हार्प शिकू लागलेली मला दिसतात, त्यांच्या आयांचे मला फोन येतात. बहुतेकींचा प्रश्न एकच असतो: शिक्षिका सोपंच देतात, मोठं काहीतरी मागू का? मी त्यांना सांगते, जरूर मागा, शिकणाऱ्यानं मागितलंच पाहिजे. पण आधी पान समोर घेऊन मुलाबरोबर बसा आणि नवं काय काय आहे त्याभोवती गोल काढा. मग गोल मोजा.

'कॅरोलन्स कॉन्चेर्टो' मला पाच महिने लागले. गेल्या मंगळवारी मेट्रोनोम ९२ वर ठेवून ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता वाजली; दोन सांधे अजून ऐकू येतात. दब्युसींची पानं कपाटात वरच्या कप्प्यात आहेत. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात बाईंनी पेन्सिलीनं एक साल लिहून ठेवलं आहे. ते यायला अजून तीन वर्षं आहेत.